लाल केळीचा खोडवा

माझ्या केळीला घड येणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरात मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

जयसिंगपूरच्या एका नर्सरीतून मी ती आणली, तेव्हा ती काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वीतभर उंच होती. पानं चारच. वरून हिरवट तांबूस, खालून पिकल्या जांभळासारखी, आणि मधला दांडा लालभडक. नर्सरीवाल्याने पिशवी हातात देताना सांगितलं, "ताई, ही नुसती शोभेची हाय बघा, घड न्हाई धरायची. खायच्या केळीगत हिच्या बुडाला पिलं सुटत न्हाईत. एकटीच वाढती. एकदा फुलली की संपली. चालंल न्हवं?" मी मान हलवली. त्या दिवसांत मी बहुतेक गोष्टींना मानच हलवत असे.

पुण्याची नोकरी जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. घरात आम्ही 'नोकरी सोडली' असं म्हणायचो. खरं तर सहा महिन्यांच्या शेवटी त्यांनी मला कायम केलं नाही. काम चांगलं आहे, पण मीटिंगमध्ये तू बोलत नाहीस, असं ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी एका कामाबद्दल "मी करतो" म्हणाले होते. कोल्हापुरात बायका असंच बोलतात, आई तसंच बोलते, आणि इंग्रजी शाळेत तेरा वर्षं काढूनही घाईत माझ्या तोंडून तेच येतं. सगळं टेबल हसलं. प्रेमानेच हसलं. त्यानंतर मी प्रत्येक वाक्य आधी मनात बोलून बघायला लागले, आणि ते तयार होईपर्यंत मीटिंग पुढच्या विषयावर गेलेली असायची.

तर मी ती पिशवी घेऊन बसमधून उतरून घरी आले. आईने दारातच विचारलं, "काय आणलंस हे?"

"केळ."

आईने वाकून पानं बघितली. "लाल केळ व्हय? लाल केळी लई महाग मिळतात बाजारात. बरं झालं."

बाजारात लाल सालीची खायची केळी मिळतात, आईला ती वाटली. मला तिथेच सांगता आलं असतं की ही ती नाही. पण 'बरं झालं' हे शब्द मी दोन महिन्यांत माझ्या कुठल्याच गोष्टीबद्दल ऐकले नव्हते. मी गप्प बसले. शिवाय बाबा मागून म्हणालेच, "घड आला तर ठेवायची, न्हायतर ती जागा गाडी लावायला बरी हाय." ती जागा म्हणजे कंपाउंडची भिंत आणि धुण्याचा दगड यांच्या मधला कोपरा. म्हणून मी घडाचं कधीच काही बोलले नाही. कोणी विचारलं की "येईल" म्हणायचं. एवढ्या एका शब्दावर मी ती तीन वर्षं सांभाळली.

सांभाळणं म्हणजे फार काही नव्हतं, पण रोज होतं. आमच्या घरासमोर रिकामा प्लॉट आहे, तिथून वारा थेट येतो आणि केळीच्या पानाच्या चिंध्या करतो. म्हणून मी भिंतीच्या बाजूला जुन्या साडीचा आडोसा बांधला. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड यायचं. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मी बादलीत साठवायची. नवीन पान सुरळी होऊन वर यायचं, तेव्हा ते जवळजवळ काळं असायचं. उलगडताना त्यात लाल रंग यायचा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पाठीमागून ऊन आलं की पूर्ण पान पेटल्यासारखं दिसायचं. खालची पानं वाळली की ती बुंध्यालगत कापायची. कापताना चीक उडतो आणि कपड्यावर त्याचे तपकिरी डाग पडतात, ते कशानेही जात नाहीत. माझे दोन कुडते त्या डागांचे झाले होते. ते घालून मी बाहेर जात नसे, पण तसंही मी फारशी कुठे जात नव्हते. एका ऑनलाइन कंपनीसाठी मुलांच्या इंग्रजी पुस्तकांमधल्या चुका शोधण्याचं काम मला मिळालं होतं. आई आल्यागेल्याला सांगायची, "घरनंच काम करती," आणि पुढे कोणी काही विचारायच्या आत चहा ठेवायला आत जायची.

केळीत रस घेणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे काका. बाबांचे धाकटे भाऊ. पेठ वडगावजवळ आमची शेती आहे, ती तेच बघतात. ऊस आणि चार म्हशी. दर आठवड्याला दूध घेऊन येतात. ते आले की गल्लीच्या टोकापासून आवाज येतो. मी सहसा आत जाते, पण केळ आल्यापासून ते मला हाक मारूनच बाहेर काढायचे.

"ए पोरी, काय म्हणतीया तुझी राणी?"

"बरी आहे."

"बरी हाय म्हणं! केवढी झालीया बघ की. माझ्या ढोपराएवढी होती गेल्या खेपेला."

पुढच्या खेपेला ते पोतं भरून शेणखत घेऊन आले. स्वतः गुडघ्यावर बसून त्यांनी आळं केलं आणि खत हाताने पसरलं. "घड कधी धरतीया?" त्यांनी विचारलं.

"येईल," मी म्हणाले.

त्यांना खोटं सांगताना मला इतरांपेक्षा जास्त वाईट वाटलं. पण त्यांनाच सांगितलं असतं तर पाच मिनिटांत ते सगळ्या गल्लीला कळलं असतं.

तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत ती माझ्यापेक्षा बरीच उंच झाली. बुंधा दोन्ही हातांच्या ओंजळीत मावत नव्हता. त्याच उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं होतं, आणि वहिनीच्या पहिल्या श्रावणात घरी सत्यनारायण घालायचं ठरलं. वहिनीच्या माहेरची माणसं पहिल्यांदाच अशी जेवायला येणार होती. आईने पंधरा दिवस आधीपासून घर धुवून काढलं. पूजेला चौरंगाच्या चार कोपऱ्यांना चार लहान केळीचे खुंट लागतात, आणि दाराच्या दोन्ही अंगांना दोन मोठे. ते सगळे काका गावाकडून आणणार होते.

काका सकाळी आठला टेम्पो घेऊन आले. लहान चार खुंट नीट होते. मोठ्या दोनांतला एक मधोमध मोडला होता. त्याच्यावर कोणीतरी तांदळाचं पोतं टाकलं होतं.

"आता?" आई म्हणाली. "एका अंगाला लावायचं आणि एक अंग मोकळं? काय म्हणतील ती माणसं?"

"बाजारात बघतो," दादा म्हणाला.

"श्रावणात आज सगळ्यांच्यात पूजा हाय. मिळतंय व्हय आत्ता?" हे काका. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून पूजेसाठी तुळशीची पानं मोजून ठेवत होते. खिडकीतून मला काका दिसत नव्हते, पण ते कुठे बघत असतील ते मला कळलं.

"अगं वहिनी, हाय की हितंच दारात!" ते आईला म्हणाले. "लाल हाय, जास्तच शोभंल."

आई म्हणाली, "तिची हाय ती. घड यायचा राहिलाय अजून."

"येतोय की घड. केळ तोडली म्हणून मरतीया व्हय? बुडातनं दुप्पट जोमानं येती."

मी उठले. आई तोवर आत येऊन शिऱ्यात दूध ओतत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आई, माझी केळ नको."

"काय नको?"

"कापू नका. नको."

तिने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. "काका म्हणतात की परत येती म्हणून. आजच्या दिवशी नाट लावू नको. महिना महिना तोंड उघडत न्हाईस, आणि आज उघडलंस ते झाडासाठी?"

कारण माझ्या जिभेवर होतं. तिला पिलं येत नाहीत, एवढंच वाक्य. पण त्याच्या मागून दुसरं वाक्य आलं असतं, मग घडाचं काय सांगत होतीस? बाहेर दादा होता, वहिनी होती, भटजी येऊन पडवीत बसले होते. तीन वर्षं मी घरच्यांना फसवत होते, हे वहिनीच्या पहिल्या पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर उघडं झालं असतं. मी ते वाक्य मनात दोनदा बोलून बघितलं. तेवढ्यात बाहेर कोयत्याचा आवाज झाला. लाकूड तुटताना येतो तसा नाही, ओल्या कापडावर काठी मारावी तसा. चार घाव.

"इकडं ये पोरी!" काकांनी हाक मारली.

मी गेले. केळ भिंतीला टेकवून ठेवली होती. जमिनीतून हातभर बुंधा वर राहिला होता आणि त्याच्या कापलेल्या तोंडातून पाणी गळत होतं. आत एकात एक घातलेल्या पांढऱ्या, गुलाबी कड्या दिसत होत्या. काका माझा चेहरा बघून जरा थांबले. मग म्हणाले, "तोंड पाडू नको. आता बघ, कसं करतो ते."

ते पुन्हा खाली बसले. आमच्याकडे ऊस तोडला की त्याचा बुडखा जमिनीत राहतो आणि त्यालाच फुटून पुन्हा ऊस येतो, त्या दुसऱ्या पिकाला खोडवा म्हणतात. तोडणी वरून झाली तर फुटवे अशक्त येतात. म्हणून काळजी घेणारा शेतकरी ते बुडखे पुन्हा धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटतो. काकांनी आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांनी हाताने माती बाजूला सारली आणि उरलेला हातभर बुंधा मातीच्याही खाली, अगदी गड्ड्यापर्यंत तासून काढला. कापलेला माथा हाताने पुसून घेतला. मग टेम्पोतून उसाचं वाळलेलं पाचट आणून त्याच्यावर अंथरलं.

"खोडवा असा धरायचा," ते म्हणाले. "दिवाळीपातूर कमरंएवढी हुती का न्हाय बघ."

त्यांनी ते माझ्यासाठी केलं होतं. दाराला लावायला केळ मिळालीच होती, पुढचे कष्ट घ्यायचं त्यांना काही कारण नव्हतं. त्या दुपारी मी वाचलं की या केळीचा वाढीचा कोंब गड्ड्याच्या अगदी माथ्यावर असतो. बुंधा वरून कापला तर मधून नवीन पान येऊ शकतं. माथाच तासला तर काही येत नाही. हातभर बुंधा राहिला होता तोवर ती जिवंत होती, आणि मी समोर उभी होते. हे मी आधी वाचलं असतं तरी बोलले असते का, ते मला सांगता येत नाही.

दाराच्या एका अंगाला हिरवी केळ आणि दुसऱ्या अंगाला लाल. पाहुणे आले ते दारातच थांबले. एक बाई पान चिमटीत धरून म्हणाल्या, "खरं हाय का प्लॅस्टिकचं?" दुसरीने तिच्या हातावर चापट मारली. दादा-वहिनीला तिच्याजवळ उभं करून फोटो काढले. वहिनीच्या आईने विचारलं, "कुठनं आणलीसा ही? आमच्याकडं बघितली न्हाय असली."

"आमच्या दारातलीच," आई म्हणाली. मग तिने मला हाक मारली. मी प्रसादाच्या वाट्या घेऊन चालले होते. "हिनं लावलीय. तीन वर्षं झाली, पोरागत सांभाळती."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणीतरी म्हणालं, हात चांगला आहे हो मुलीचा. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. पुण्याहून परत आल्यापासून आईने मला पाहुण्यांसमोर स्वतःहून बोलावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी हसले. माझ्या मागे पानं दांड्याच्या दोन्ही बाजूंनी मिटत चालली होती. कापलेली केळ तासाभरात तशी होते. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी त्या हाताखालून लगेच बाजूला झाले नाही, हेही खरं आहे.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला विचारलं होतं ना त्यांनी?"

मी "हो" म्हणाले. तिचा पहिला सण होता.

दुसऱ्या दिवशी काका दोन्ही केळी म्हशींना घालायला टेम्पोत टाकून घेऊन गेले. रात्री बाबांना त्यांचा फोन आला, तेव्हा हसत सांगत होते की हिरवी केळ म्हशींनी बुडापर्यंत खाल्ली, लाल मात्र हुंगून सोडून दिली. "नखरा हाय म्हशीचा," ते म्हणाले, एवढं मला खोलीपर्यंत ऐकू आलं.

त्यानंतर पाऊस लागला तो थांबलाच नाही. मी रोज सकाळी पाचट बाजूला करून बघायची. पहिले काही दिवस गड्ड्याच्या माथ्यावर स्वच्छ पांढरा गोल दिसत होता. मग तो तपकिरी झाला. आई गॅलरीतून विचारायची, "फुटलं का?" मी "अजून नाही" म्हणायची. मला माहीत असताना मी तेच म्हणत राहिले, म्हणजे आधी 'येईल' म्हणत होते तसंच. तिसऱ्या आठवड्यात बोट लावलं तर ते आत गेलं. आंबूस वास आला, त्यात बारीक पांढऱ्या अळ्या होत्या. मी पाचट पुन्हा सारखं केलं आणि हात तीनदा धुतले.

गौरी-गणपतीला काका आले ते पिशवी खाली ठेवायच्या आधीच कोपऱ्यात गेले. पाचट उचललं. मी दारात होते, आई माझ्या मागे.

"अगागा! हे कसं झालं?" ते खरंच बुचकळ्यात पडले होते. "मी चांगलं बुडातनं छाटलेलं की! पाणी साठलं व्हय गं?"

"पाण्याने नाही," मी म्हणाले. "तिला पिलं येत नाहीत. कापली की संपते. घड पण येत नाही. ती शोभेची आहे."

एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. माथा तासल्याचं मात्र मी वगळलं. त्यांनी हातातलं पाचट खाली टाकलं.

"तुला ठावं हुतं हे?"

"हो."

"आणि मी छाटत हुतो तवा गप उभी राहिलीस?"

"आईला सांगितलं होतं."

आई मागून म्हणाली, "काय सांगितलं होतंस? नुसतं नको म्हणालीस. का नको, ते सांगायला नको? मला काय स्वप्न पडतंय?"

तिचं बरोबर होतं. काकांचंही बरोबर होतं. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता, आणि तो माझ्यामुळे होता, म्हणून त्यांच्यावर रागावण्याची सोयसुद्धा राहिली नाही. तरी मला आजही वाटतं की 'माझी नको' एवढं पुरायला हवं होतं. दादाने कधी म्हटलं असतं की माझी गाडी आज कोणी न्यायची नाही, तर त्याला कारण विचारलं नसतं. माझ्या 'नको'ला मात्र कारण जोडावं लागतं, आणि ते वेळेवर जोडता आलं नाही तर चूक माझी.

बाबा आतून म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं उगंच पाणी घातलं."

"जाऊ दे," काका म्हणाले. "मी देतो तुला आमच्या बांधावरचं पिल्लू. चांगली गावठी केळ. असली दहा पिलं देती बुडाला."

"नको काका," मी म्हणाले. आणि या वेळी लगेच कारणही दिलं, "मला दुसरी लावायची नाही."

"आगं, जागा मोकळी ठेवून काय करायची?"

पुढच्या आठवड्यात ते पिल्लू घेऊन आलेच. मी वर कामाला बसले होते. खाली उतरले तेव्हा कुजलेला गड्डा काढून त्याच खड्ड्यात ते लावून झालं होतं, आळं केलेलं होतं, आणि आई धुण्याचं पाणी त्यात ओतत होती. काका हात धूत म्हणाले, "झालं बघ तुझं काम." मी मान हलवली.

ते चांगलं लागलं. हिरवी, रुंद पानं आहेत. आईच त्याला पाणी घालते आणि आल्यागेल्याला दाखवते. मी सुरळी उलगडताना बघत नाही, वाळलेली पानं काढत नाही. धुण्याच्या दगडाकडे गेले तर त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.

मागच्या महिन्यात आई-बाबा दोन दिवस लग्नाला गेले होते. जाताना आई फाटकातून म्हणाली, "केळीला पाणी घाल, विसरू नको." मी घातलं. दोन्ही दिवस, दोन दोन बादल्या. झाडाची दया आली म्हणून नाही. नसतं घातलं तर आईने कारण विचारलं असतं, आणि मला ते सांगायचं नव्हतं.